मुंगीचे आम्ल, उसाचे चिपाड

१८२३ सालचा उन्हाळा. जर्मनीतल्या येना गावी योहान वोल्फगांग डोबरायनर हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक प्लॅटिनमच्या एका राखाडी गोळ्यावर हायड्रोजनची बारीक धार सोडून पाहत होता. प्लॅटिनम म्हटले की दागिन्यातला चकचकीत धातू डोळ्यांपुढे येतो. हा गोळा तसा नव्हता. प्लॅटिनमचा क्षार तापवून उरलेला, स्पंजासारखा सच्छिद्र, बोटाने चुरडला जाईल असा. नळीचे तोंड त्याने गोळ्यापासून थोडे दूर धरले होते, म्हणजे वाटेत वायूत हवा मिसळावी. गोळा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि वायूने पेट घेतला. काडी नाही, गारगोटी नाही, ठिणगी नाही. आणि प्लॅटिनम होते तेवढेच शिल्लक.

डोबरायनर गाडीवानाचा मुलगा. विद्यापीठाची रीतसर पदवी त्याच्याकडे नव्हती. औषधे बनवणाऱ्याकडे उमेदवारी करून तो रसायन शिकला होता. १८१० मध्ये येनाची जागा त्याला मिळाली, आणि पुढे कवी गटेचा आधार त्याला कायम राहिला. गटे तेव्हा वायमारच्या दरबारी होता आणि विद्यापीठातल्या विज्ञानाकडे जातीने लक्ष देत असे. प्लॅटिनमची ही बातमी डोबरायनरने लगोलग त्यालाच कळवली.

त्या प्रयोगातून एक दिवा तयार झाला. तो कसा चाले, हे नीट पाहण्यासारखे आहे. काचेच्या बरणीत सौम्य गंधकाम्ल. त्यात उपडी ठेवलेली दुसरी, बिनबुडाची काचेची घंटा, आणि घंटेत टांगलेला जस्ताचा तुकडा. आम्ल जस्ताला लागले की हायड्रोजन निघतो. वरची तोटी उघडली की वायू बाहेर पडून प्लॅटिनमवर आदळतो आणि ज्योत पेटते. तोटी बंद केली की घंटेत वायू साठत जातो, त्याच्या दाबाने आम्ल खाली ढकलले जाते, जस्त उघडे पडते आणि वायू निघणे थांबते. हवा तेव्हा, हवा तेवढाच हायड्रोजन! आगपेटी अजून बाजारात यायची होती. त्या काळात हे दिवे हजारोंनी खपले. डोबरायनरने मात्र त्याचे पेटंट घेतले नाही.

त्याच्याच हातून घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. साखर, मँगनीज डायऑक्साइड आणि गंधकाम्ल एकत्र तापवून तो फॉर्मिक आम्ल तयार करत असे. हे आम्ल पूर्वी खरोखरच मुंग्यांपासून काढत. १६७१ मध्ये जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून ते वेगळे केले होते, आणि नावही लॅटिनमधल्या मुंगीच्या शब्दावरूनच आले. आंब्याच्या पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या तावडीत जो सापडला आहे, त्याला या आम्लाची झोंबरी ओळख निराळी करून द्यायला नको. तर हे आम्ल करता करता डोबरायनरला त्यासोबत थोडेसे तेल मिळाले, आणि १८३२ मध्ये त्याने त्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १८४० मध्ये जॉन स्टेनहाऊस या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने कोंडा, लाकडाचा भुसा, ओट असे काहीही सौम्य गंधकाम्लात तापवले तरी हेच तेल निघते, असे दाखवून दिले. आज आपण त्याला फरफ्युरल म्हणतो.

म्हणजे हायड्रोजन, उत्प्रेरक, मुंगीचे आम्ल आणि वनस्पतींपासून मिळणारे रसायन हे सारे दोनशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या टेबलावर होते. नंतर त्यांच्या वाटा फुटल्या. हायड्रोजनचा साठा हा ऊर्जेच्या मंडळींचा विषय झाला आणि काडीकचऱ्याचे रसायन हा शेती आणि साखर कारखान्यांचा. परिषदा वेगळ्या, सरकारी योजना वेगळ्या, वृत्तपत्रांतल्या बातम्याही वेगळ्या. उत्प्रेरणाचे संशोधन ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना मात्र हे दोन विषय एकच वाटतात, आणि तसे वाटण्याला भक्कम कारण आहे. पहिल्या विषयात हायड्रोजन कार्बनच्या खांद्यावर चढवायचा आणि हवा तिथे उतरवून घ्यायचा असतो. दुसऱ्यात कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन काढून टाकायचा असतो, आणि तो काढायला हायड्रोजनच लागतो. देवघेव तीच, धातूही बहुतेक तेच, आणि पावलोपावली येणाऱ्या अडचणीही त्याच.

उत्प्रेरण या कल्पनेला नाव मिळाले ते १८३५ मध्ये, स्वीडनच्या यॉन्स याकोब बर्झेलियसकडून. स्वतः खर्च न होता दुसऱ्यांची रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, ही त्याची मांडणी. मराठीत शिकवताना बऱ्याचदा विरजणाचे उदाहरण देतात. ते सोयीचे असले तरी फसवे आहे, कारण विरजणातले जिवाणू दुधात वाढतात, संख्येने पसरतात. प्लॅटिनम वाढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू येऊन टेकतो आणि त्याचे दोन अणू एकमेकांपासून सुटून धातूला बिलगतात. एरवी ही जोडी फोडायला फार ऊर्जा लागते. असे मोकळे झालेले अणू शेजारी आलेल्या दुसऱ्या रेणूला सहज मिळतात. पकड सैल असेल तर रेणू टेकतच नाही. ती फार घट्ट असेल तर टेकलेला रेणू उठत नाही आणि जागा अडून राहते. पकड मधली हवी, हे सूत्र फ्रान्समधल्या तुलूझ इथे काम करणाऱ्या पॉल साबातिएच्या नावाने ओळखले जाते.

साबातिएचे काम मराठी घरांत पोचले होते, फक्त त्याचे नाव पोचले नव्हते. १८९७ पासून त्याने निकेलच्या बारीक भुकटीवर हायड्रोजन आणि निरनिराळे सेंद्रिय पदार्थ यांचा संयोग घडवून दाखवला. १९१२ चे नोबेल त्याला त्यासाठीच मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने हीच युक्ती पातळ तेलावर वापरून १९०२ मध्ये पेटंट घेतले. तेलाच्या रेणूतल्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढला की तेल थिजते. मुंबईत शिवडीला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. त्या पिवळ्या डब्यात, ज्यात पुढे अनेक घरांनी तुळशी लावल्या, निकेलच्या मदतीने तेलात बांधलेला हायड्रोजन होता.

डालड्याने रसायनशास्त्राला एक कडू धडाही दिला. निकेलवर येऊन टेकलेला तेलाचा प्रत्येक रेणू हायड्रोजन घेतोच असे नाही. काही रेणू अर्ध्यावरून परततात, आणि परतताना त्यांचा दुहेरी बंध मूळच्या वाकड्या आकाराऐवजी सरळ आकारात जुळतो. हीच ती ट्रान्स मेदाम्ले, हृदयाला घातक ठरलेली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातले त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. उत्प्रेरकाने क्रिया किती झपाट्याने घडवली, याइतकेच त्याने सोबत आणखी काय घडू दिले हेही पाहावे लागते. रसायनतज्ज्ञ याला निवडकता म्हणतात. या क्षेत्रात शिरणाऱ्या वाचकाने एकच शब्द बरोबर ठेवायचा झाला तर तो हा ठेवावा.

साबातिएला आणखी एक गोष्ट माहीत होती: जो धातू हायड्रोजन चढवतो तोच, तापमान वाढवले की, उतरवतोही. उत्प्रेरक क्रियेची दिशा ठरवत नाही, दोन्हीकडची वाट सारखीच सुकर करतो. हायड्रोजन साठवण्याची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

साठवणे एवढे अवघड का, हे आकड्यांवरून कळते. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. वजनाला वजन धरले तर पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. पण नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हाच एक किलो वायू सुमारे १२,००० लिटर जागा घेतो. उन्हाळ्यात गावाला पाणी पुरवणारा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणावा; तो संपूर्ण भरूनही हातात एकच किलो. मग त्याला दाबावे लागते. टोयोटाच्या मिराई गाडीत ७०० बार दाबाच्या टाक्या असतात, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातशे पट, आणि तरीही टाकीच्या एका लिटरमध्ये जेमतेम ४० ग्रॅम हायड्रोजन बसतो. दुसरा मार्ग तो द्रवरूप करण्याचा. त्यासाठी उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत उतरावे लागते आणि त्यात हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खर्ची पडतो.

आता याच्या शेजारी मुंगीचे आम्ल ठेवू. फॉर्मिक आम्ल घरातल्या तापमानाला द्रव असते. त्याला दाब लागत नाही की गोठवणी. त्याच्या एका लिटरमध्ये ५३ ग्रॅम हायड्रोजन बांधलेला असतो, म्हणजे ७०० बारच्या टाकीपेक्षा जास्त. ते अंगावर सांडले तर भाजते, हे खरे. पण केरळपासून आपल्या दोडामार्गपर्यंतच्या रबराच्या बागांत चीक गोठवायला ते वापरतात, आणि पिंपातून त्याची ने-आण सर्रास होते. वजनाच्या हिशेबात मात्र ते कमी पडते: शंभर किलो आम्लातून हायड्रोजन निघणार साडेचार किलोहूनही कमी. तेव्हा चालत्या गाडीपेक्षा एका जागी ठेवलेल्या साठ्यासाठी ते सोयीचे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

फॉर्मिक आम्ल फुटण्याच्या वाटा दोन आहेत. एका वाटेने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. दुसरीने पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटातले प्लॅटिनम कार्बन मोनॉक्साइडच्या अगदी सूक्ष्म अंशानेही निकामी होते. साबातिएच्या सूत्रातली फाजील घट्ट पकड ती हीच. म्हणून इथे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर वाट धरणारा उत्प्रेरकही उपयोगाचा नाही. १९६७ मध्ये कॉफी या ब्रिटिश संशोधकाने विरघळणाऱ्या धातुसंयुगांनी हे आम्ल फोडून दाखवले होते, पण तेव्हा त्याची निकड कोणाला वाटली नाही. ती वाटायला चाळीस वर्षे जावी लागली. २००८ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या रोस्टोक शहरात माथियास बेलर यांच्या गटाने आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे गाबोर लोरेन्सी यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रुथेनियमची संयुगे वापरून फॉर्मिक आम्लातून हायड्रोजन मिळवला. रोस्टोकच्या गटाने तर जवळपास खोलीच्या तापमानाला.

रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. २०११ मध्ये हेच दोन गट एकत्र आले आणि त्यांनी रुथेनियमच्या जागी चक्क लोखंड बसवले. लोखंडाच्या एका साध्या क्षाराला फॉस्फरसचे चार हात असलेला एक रेणू जोडला, आणि ८० अंश सेल्सियसला लोखंडाच्या प्रत्येक अणूमागे आम्लाचे ९२,००० हून अधिक रेणू फुटले. यातले ८० अंश हे तापमान चहाच्या आधणापेक्षा कमी आहे. एवढ्या उष्णतेसाठी भट्टी लागत नाही. कारखान्यातून वाया जाणाऱ्या गरम पाण्यावरही भागते. दोनच वर्षांनी बेलर यांच्या गटाने मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणातून शंभर अंशांच्या आत हायड्रोजन काढला. एरवी याच कामाला दोनशेच्या वर तापमान लागते.

उरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात आलाच असेल. तो पकडून, सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने मिळवलेला हायड्रोजन त्यावर पुन्हा चढवायचा आणि फॉर्मिक आम्ल परत मिळवायचे, असे हे चक्र आहे. कागदावर ते पूर्ण होते. प्रयोगशाळेत त्याचे दोन्ही अर्धे भाग चालतात. पण चढवणीचा भाग अजून अवघड आहे, कारण कार्बन डायऑक्साइड हा अत्यंत समाधानी रेणू. त्याला सहसा काही नको असते.

दुसरी एक वाट टोल्युइनची. रंगाच्या दुकानात थिनरला जो वास येतो तोच हा पदार्थ. त्याच्या एका रेणूवर हायड्रोजनचे तीन रेणू चढतात आणि मिथाइलसायक्लोहेक्झेन हा दुसरा द्रव तयार होतो. वजनाच्या सहा टक्क्यांहून थोडा जास्त हायड्रोजन त्यात मावतो. २०२० मध्ये याच रूपात ब्रुनेईहून जपानमधल्या कावासाकीला जहाजाने हायड्रोजन नेण्यात आला. इथे तो उतरवायला मात्र तीनशे अंशांच्या वर जावे लागते. नागपूरच्या नीरी संस्थेत या टप्प्यावर काम झाले आहे. तापलेल्या कार्बनच्या कापडावर धातूचे सूक्ष्म कण बसवायचे आणि त्यावर द्रवाचे फवारे थांबून थांबून मारायचे, ही तिथली पद्धत. फवारा पडला की द्रवाचा पातळ थर होतो, क्रिया होते, वायू निघून जातो, पृष्ठभाग कोरडा होतो, मग पुढचा फवारा. पृष्ठभाग सतत बुडालेला राहिला तर निघालेला हायड्रोजन वेळेवर बाहेर पडत नाही आणि उलटी क्रिया सुरू होते. थांबण्यातच यंत्राचे शहाणपण आहे.

आता उसाकडे. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, सोलापूर या भागांतल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या मागच्या बाजूला गेले की बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाचा, डोंगर दिसतो. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघते, आणि त्यात निम्मे पाणी असते. जवळ गेले तर आंबूस गोड वास येतो. मूठभर हातात घेतली तर तंतू टोचतात आणि मधला मऊ भुसा बोटांना चिकटतो. या तंतूंमध्ये तीन गोष्टी एकमेकींत विणलेल्या आहेत. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. हेमिसेल्युलोज म्हणजे मुख्यतः झायलोज या पाच कार्बनच्या साखरेच्या आखूड, फाटे फुटलेल्या साखळ्या. आणि या दोघींना सिमेंटसारखे धरून ठेवणारे लिग्निन. विदर्भातल्या पऱ्हाट्या, मराठवाड्यातल्या तुऱ्हाट्या, कोकणातला भाताचा पेंढा, सगळीकडे हीच तीन पात्रे असतात, फक्त प्रमाण बदलते.

तेल शुद्धीकरण कारखाना आणि हा डोंगर यांच्यातला फरक एका आकड्यात सांगता येतो. खनिज तेलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. सेल्युलोजच्या वजनात तो ४९ टक्के असतो. पेट्रोलियमचे रसायनशास्त्र गेली शंभर वर्षे कोरड्या कार्बनवर हवे ते गट बसवण्याचे शास्त्र होते. इथे उलटे आहे: गट गरजेपेक्षा जास्त आहेत, ते नेमके उतरवायचे आहेत. एक ऑक्सिजन उतरवायला हायड्रोजनचा एक रेणू लागतो आणि त्याचे पाणी होते. तो हायड्रोजन बाहेरून आणायचा तर आज जगात जो सुमारे साडेनऊ कोटी टन हायड्रोजन दरवर्षी वापरला जातो, तो जवळजवळ सगळा खनिज इंधनांपासून, मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून येतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चिपाडाला हिरवे रसायन म्हणायचे आणि त्याला काळा हायड्रोजन पाजायचा, यात अर्थ नाही.

यावर निसर्गाने जणू आधीच तोड काढून ठेवली आहे. सेल्युलोजला आम्लात तापवले की साखळी तुटून ग्लुकोज होते, ग्लुकोजमधून पाणी निघून जाते, आणि शेवटी दोन पदार्थ उरतात: लेव्ह्युलिनिक आम्ल आणि फॉर्मिक आम्ल. सेल्युलोजच्या साखळीतल्या एका कडीचे वजन १६२. लेव्ह्युलिनिकचे ११६, फॉर्मिकचे ४६. बेरीज १६२. लेव्ह्युलिनिक आम्लापासून गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन हा अत्यंत उपयोगी द्रव करायला हायड्रोजनचा एक रेणू लागतो, आणि फॉर्मिकच्या एका रेणूतून हायड्रोजनचा बरोबर एकच रेणू निघतो. ऑक्सिजन काढायला लागणारा हायड्रोजन चिपाडातूनच, त्याच भांड्यात, नेमक्या मापाने. मुंगीचे आम्ल इथे दोन्ही विषयांचा सांधा होते. रसायनशास्त्रात इतका चोख हिशेब फार क्वचित जुळतो, आणि तो प्रथम कागदावर मांडताना कोणाही विद्यार्थ्याला जो आनंद होतो तो खरा आहे.

हंगेरियन रसायनतज्ज्ञ इश्तवान होर्वाथ यांनी २००८ मध्ये या व्हॅलेरोलॅक्टोनची बाजू जोरात मांडली: टिकाऊ, हळू उडणारा, पाण्यात मिसळणारा, इंधन म्हणूनही चालेल आणि द्रावक म्हणूनही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक यांच्या गटाने त्यापासून वाहनांच्या इंधनात चालतील असे हायड्रोकार्बन तयार करून दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चंद्रशेखर रोडे यांच्या गटाने २०१२ मध्ये लेव्ह्युलिनिक आम्लासाठी तांबे आणि झिर्कोनियाचा उत्प्रेरक मांडला. पुढे चांदी आणि निकेलच्या जोडीवर त्यांनी बाहेरच्या वायूऐवजी हायड्रोजन देणाऱ्या पदार्थाचाच वापर केला. रुथेनियमसारखे दुर्मीळ आणि महाग धातू टाळण्याची ही पुण्याची दिशा आणि रोस्टोकच्या लोखंडाची दिशा एकच आहे.

ड्युमेसिक यांचे त्याआधीचे काम तर याहून थेट होते. २००२ मध्ये त्यांनी साखरेच्या वर्गातले पदार्थ पाण्यात विरघळवून, पाणी द्रवच राहील इतक्या दाबाखाली, सुमारे सव्वादोनशे अंशांना प्लॅटिनमवरून सोडले आणि हायड्रोजन मिळवला. दुसऱ्याच वर्षी प्लॅटिनमच्या जागी त्यांनी निकेल वापरले. निकेल स्वस्त, पण त्याला एक खोड: हातात आलेला हायड्रोजन ते पुन्हा कार्बनवर चढवते आणि मिथेन करून बसते. त्यात थोडे कथील घालताच मिथेन एकदम उतरला. निकेलच्या ज्या जागांवर ही नको ती क्रिया होत होती, त्या कथिलाने झाकल्या. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करणाऱ्याच्या हातातले कथील ते हेच. इथेही त्याचे काम एका नको असलेल्या क्रियेला आवर घालण्याचे.

हेमिसेल्युलोजची कहाणी वेगळी, आणि ती प्रयोगशाळेबाहेर केव्हाच पडली आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स इथे क्वेकर ओट्स कंपनीकडे ओटच्या टरफलांचे ढीग पडून होते. त्यांतल्या हेमिसेल्युलोजपासून डोबरायनर आणि स्टेनहाऊस यांचे तेल, म्हणजे फरफ्युरल, त्यांनी कारखान्यात काढायला सुरुवात केली. पुढे ड्यू पाँ कंपनीने काही वर्षे नायलॉनचा कच्चा माल याच फरफ्युरलपासून केला. १९६१ च्या सुमारास खनिज तेलाच्या स्वस्ताईपुढे ते बंद पडले. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमाना इथे मात्र उसाच्या बगॅसपासून फरफ्युरल करणारा मोठा कारखाना दशकानुदशके चालत आला आहे. चिपाडापासून रसायन ही भविष्यातली कल्पना आहे असे जेव्हा भाषणांत ऐकू येते, तेव्हा ला रोमानाची आठवण ठेवावी.

एवढे सगळे जुळत असताना मग हे घरोघर का नाही? कारणे पुष्कळ आहेत. त्यांतली तीन तरी नीट पाहायला हवीत.

पहिले कारण काळे आहे. साखर आम्लात तापवली की काही रेणू सरळ वाटेने न जाता एकमेकांना चिकटत जातात आणि ह्युमिन नावाचा डांबरासारखा पदार्थ तयार होतो. दाबपात्र थंड करून उघडले की भिंतीवर, ढवळणाऱ्या दांड्यावर, तळाशी बसलेल्या उत्प्रेरकावर त्याचा थर दिसतो. तो पाण्यात विरघळत नाही, बहुतेक द्रावकांतही नाही. खरवडून काढावा लागतो. ११६ आणि ४६ यांची ती सुंदर बेरीज प्रत्यक्षात इथे मोडते. २००४ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्यासाठी जी बारा मूलभूत जैव-रसायनांची यादी तयार झाली, तिच्यात लेव्ह्युलिनिक आम्ल होते. ते अजून स्वस्त झालेले नाही, त्यात या काळ्या थराचा वाटा मोठा आहे.

दुसरे कारण उत्प्रेरकाच्या आयुष्याचे. प्रयोगशाळेत शुद्ध ग्लुकोजवर काम होते. शेतातून येणाऱ्या काडाबरोबर माती, सिलिका, पोटॅशियम, गंधक येते आणि धातूच्या जागा एकेक करून बुजतात. गरम, आम्लधर्मी पाण्यात धातू झिजून विरघळूही लागतो. शोधनिबंधांत वेगाचे विक्रम ठळकपणे येतात, आणि हजार तासांनंतर काय झाले ते शेवटच्या परिच्छेदात, किंवा कधी येतच नाही. हे बदलायला हवे, आणि ते बदलण्याचा आग्रह वाचकांनी आणि पैसा देणाऱ्यांनी धरायला हवा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव यांनी अनेक वर्षे ज्या घन आम्लांवर काम केले, त्यांचे महत्त्व या संदर्भात कळते. गंधकाम्ल क्रियेनंतर वेगळे काढून शमवावे लागते. घन आम्ल गाळून घेऊन पुन्हा वापरता येते. त्या उत्प्रेरकांच्या नावात संस्थेचे जुने नाव, यूडीसीटी, गुंफलेले आहे.

तिसरे कारण रसायनाबाहेरचे. बगॅसला कचरा म्हणणे चूक आहे. ती बॉयलरमध्ये जळते, कारखाना चालवते आणि उरलेली वीज विकली जाते. तिच्यापासून रसायन करायचे तर त्या विजेच्या आणि वाफेच्या मोलाशी त्याला टक्कर द्यावी लागेल. पऱ्हाट्यांना असा मालक नाही, त्या बांधावर जळतात. पण त्या विखुरलेल्या, हलक्या आणि हंगामी. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. हरियाणात पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर उभा आहे. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल, ही त्याची आखणी. तिथे साखळ्या तोडायचे काम विकरे करतात, म्हणजे निसर्गाने घडवलेले उत्प्रेरक. असा पेंढा शेतातून वेळेत आणि कोरडा आणणे हे रसायनाइतकेच कठीण काम आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. तिच्यात मुख्य भर पाण्याच्या विद्युतविघटनावर आहे. तो योग्यच आहे. पण निर्माण झालेला हायड्रोजन ठेवायचा कुठे आणि न्यायचा कसा, आणि ऑक्सिजनने लगडलेल्या या काडाला तो पाजता येईल का, हे प्रश्न त्याच मोहिमेच्या पोटात आहेत, आणि दोन्हींचे उत्तर उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर ठरणार आहे.

डोबरायनरच्या दिव्यातला प्लॅटिनमचा गोळाही कायम टिकत नसे. ओलसर हवा आणि धूळ बसली की तो मंदावे. मग तो काढून तापवावा लागे, म्हणजे पुन्हा पेट घेई. १८३४ मध्ये मायकेल फॅरडेने पृष्ठभाग स्वच्छ असल्याखेरीज प्लॅटिनम काम करत नाही, हे तपशीलवार प्रयोगांनी दाखवले. आज कारखान्यात हेच काम ठरावीक दिवसांनी करतात: क्रिया थांबवायची, हवा सोडून काळा थर जाळून टाकायचा, धातू पुन्हा हायड्रोजनखाली आणायचा आणि सुरुवात करायची. दिवा पेटला नाही हे घरमालकाला तोटी फिरवताच कळत असे. चिपाडाच्या रसावर चालणाऱ्या पात्रात ते इतके लवकर कळत नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूचा नमुना ठरावीक वेळाने घेतला जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते मोजले जाते.